लांब उडी

खाण बंद झाली तेव्हा काट्यावरचा संगणक
भंगारवाल्याने सातशेला मागितला.
मी आठशे दिले.
पंख्यात अजून तांबडी धूळ आहे,
फुंकर मारली की शर्टावर बसते
आणि धुऊन जात नाही.

बारा वर्षं तो एवढंच बोलला:
ट्रकचा नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन, वजाबाकी.
सोळा बिटांत जगला.
एका मेगाबाइटपलीकडे जगच नाही,
आणि अलीकडे एकाही दाराला कडी नाही,
कुणीही कुणाच्याही खोलीत जाऊन
काहीही पुसून यावं.

त्याला पलीकडे न्यायचं मी ठरवलं.
पिळगावात, रात्री,
सारमानसची शेवटची फेरीबोट लागल्यावर.

आधी व्यत्यय बंद करायचे.
तीन अक्षरांची आज्ञा, की घड्याळ टोचायचं थांबतं,
कळ दाबली तरी कळत नाही.

मग ए-वीसचं फाटक.
स्मृतीच्या फाटकाची किल्ली
कीबोर्डच्या चिपकडे कुणी दिली, विचारू नये.
आमच्या मेन गेटची किल्लीही
कँटीनच्या पुंडलिककडेच असायची.

मग तक्ता.
पहिली ओळ कोरी, नियमच आहे.
आम्हीही नव्या रजिस्टराचं पहिलं पान सोडायचो,
वर नुसतं श्री.
इथे श्रीसुद्धा नाही, आठ शून्यं.
पुढच्या ओळीत पत्ता तीन तुकडे करून,
मर्यादा दोन तुकडे करून,
मधल्या फटीत हक्क.

मग एकच बिट. शून्याचा एक.
आणि लगेच लांब उडी,
कारण पुढची दोन वाक्यं प्रोसेसरने
जुन्या कानांनी आधीच ऐकून ठेवलेली असतात.
ती विसरायला लावायची तर
उडीच लागते.

मारली.
पडदा काळा. टुंग.
पुन्हा पहिल्यापासून स्मृती मोजणं सुरू.

चूक काय, ते सांगत नाही.
सांगायला जो उठतो तो पडतो,
त्याला सावरायला उठतो तोही पडतो,
मग यंत्र हात टेकतं
आणि नव्याने जन्म घेतं.

"परत मेलो?" खालून सुलक्षा विचारते.
टुंग तिलाही ओळखू येतो आता.

जुन्या ट्रिप-शीटांच्या पाठीवर रेघा मारत गेलो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
त्रेसष्टावी मारताना पान उलटलं,
आणि तो दिवस आठवला:
नव्या पोराने रकाने उलटे भरलेले,
दुपारपर्यंत खनिज
उणे दहा टनांनी जेटीकडे जात होतं
आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तक्ता पाहिला.
सीएफ आधी, नऊ-ए नंतर.
बाकी सगळं बरोबर.

चौसष्टाव्या वेळी टुंग झाला नाही.
डाव्या कोपऱ्यात, वर,
हिरवा एस.
सुलक्षा पदर खोचून वर आली, बघत राहिली.
"म्हजें नांव? मग 'सु' काढ की."
म्हटलं, आपली अक्षरं त्याच्याकडे नाहीत,
एकेक ठिपका मला मांडावा लागेल.
"मांड मग," म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून गेली.

इकडे आल्यावर जुनं कुणी ओ देत नाही.
पडद्यावर लिहून देणारा, डिस्क वाचून देणारा,
सगळे त्या काठावर राहिले.
म्हणून निघायच्या आधीच विचारून घ्यायचं असतं:
स्मृती किती, कुठून कुठवर, कुठला भाग आपला नाही.
ते मी विचारून ठेवलं होतं.
फंडाच्या कागदांचं
मॅनेजरला विचारायचं राहिलं,
आता तो नंबर अस्तित्वात नाही म्हणते एक बाई,
तीन भाषांत.

एस अजून आहे.
कळ दाबून बघितली, काही नाही.
व्यत्यय मीच बंद केलेत,
आणि ते उघडायच्या आधी दोनशे छप्पन्न ओळींचा
दुसरा तक्ता लिहायचा आहे,
कोण हाक मारील तर कुणी उठायचं, त्याचा.

ट्रिप-शीटा पुष्कळ उरल्यात.